उलटी पोथी

वोल्फ्सबुर्ग, १२ मे २०१४

ती. अण्णांना सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता कसा आहे?

इथे जवळच एका प्राध्यापकाचं १९०६ सालचं घर डागडुजी करून लोकांसाठी उघडलंय. आत काचेच्या कपाटात चक्क संस्कृत पोथी, पण उलटी! शिरोरेखेला मांडणाऱ्यांनी अक्षरांखालची रेघ समजलं होतं.

मी सांगितलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे तुम्हाला हे वाचता येतं? अशा चाळीस पोथ्या आहेत. जूनपासून दर शनिवारी याल?"

इंजिनिअरांच्या या गावात पाच वर्षांत माझ्या संस्कृतची ही पहिलीच चौकशी! मी लगेच हो म्हटलं.

घरी येऊन मात्र घाम फुटला. उतरवून आणलेल्या पहिल्याच ओळीतला समास सुटेना. सोबत पाठवतेय. आधी विग्रह लिहा, मग रागवा.

तुमची मुलगी, आणि अजून विद्यार्थिनीच,
सुनेत्रा