दहा तारा, एक खुर्ची

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पुन्हा शिव्या! कायतानबाब म्हणाले, ‘तू वाजयता काय कोंबड्यांक तांदूळ घालता रे?’ सिद्धी खिदळली. मग तोच गाण्याचा कागद तिनं समोर ओढला आणि पहिल्याच खेपेला निम्मा वाजवून दाखवला. मेली!

हे स्टिक म्हणजे भयंकर प्रकरण. दहा तारांची फळी, छातीशी उभी बांधायची. तार छेडायची नाही — दोन्ही हातांच्या बोटांनी वरून ठोकायची. डाव्यानं कॉर्ड — तीन-चार सूर एकदम — उजव्यानं चाल. बोटांची टोकं नाहीत तर काही नाही. हरमलला आलेला कुणी गोरा ती कायतानबाबांकडे ठेवून गेला, तो परत आलाच नाही. म्हातारा जन्मभर जहाजांवर सॅक्सोफोन वाजवत फिरला, आता पेडण्यात बसून आमची सालं काढतो.

कागदावर जुन्या जॅझ गाण्याची नुसती चाल आणि वर कॉर्डची अक्षरं. मधलं आपलं आपण भरायचं. दशावतारासारखं — कथा तेवढी ठरलेली, संवाद रंगात येईल तसे. काल दशावताराला गेलो म्हणूनच सराव बुडाला. हिरण्यकश्यपू मात्र काय ओरडला! अंगावर काटा.

६ फेब्रुवारी

आश्व्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कायतानबाबांना रोज संध्याकाळचं काम मिळतंय. सोबत स्टिकवाला एकच हवा. ‘खुर्ची एक, तुम्ही दोघां. दोन मार्चाक ऐकतलों. जो बरो, तो बसतलो.’

मला बसायचंय. आयटीआय सोडलं, डिचोलीत ट्रकवर क्लीनर होतो ते सोडलं, हरमलला स्कूटर भाड्यानं देत होतो तेही. हे सोडणार नाही. कायतानबाब हसले — ‘तुझां सगळां अर्धां रे धाकू. शाळा अर्धी, गाणां अर्धां.’

मावशीसमोर म्हणाले! सिद्धी तिची मुलगी. मावसा गेल्यावर दोघी वास्कोहून इथं आल्या. मी त्यांच्याकडेच जेवतो. म्हणून ऐकून घेतलं.

११ फेब्रुवारी

सराव नाही. कॉर्ड शोधता शोधता मोबाईलवर माकडं बघत बसलो.

१५ फेब्रुवारी

सिद्धी आता डोळे मिटून वाजवते. मला म्हणाली, ‘धाकू, डावा हात घाबरतो तुझा. ये, दाखवते.’ माझा हात धरून तारांवर ठेवला. शाळेतल्या पोराचा धरावा तसा!

दाखवते काय. मीच दाखवतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशी वाळपईला लग्नाला गेलीय. सकाळी सिद्धीला म्हटलं, चल, ओले काजूगर काढू, उद्या शुक्रवार, म्हापशाच्या बाजारात हातोहात जातात. आनंदानं आली. वास्कोची पोर! ओल्या बीचा चीक कातडी जाळतो, हातांना खोबरेल चोपडल्याशिवाय आडाळीच्या पात्यापुढे बसायचं नसतं — इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला नाही.

‘तेल नको का लावायला? आई काहीतरी म्हणत होती.’

‘तेलानं बी निसटते गो. बोट कापून घेशील.’

पटलं तिला. मी विहिरीवर जाऊन आधीच लावून आलो होतो. बाटली स्टिकच्या पिशवीत. दुपारपर्यंत तिनं माझ्या दुप्पट बिया फोडल्या. प्रत्येक गर बोटांनी सोलत होती, वर गुणगुणत होती — कागदावरचीच चाल. मधला भाग तिचा स्वतःचा.

चांगला होता. हरामखोर चांगला होता.

२२ फेब्रुवारी

काळी पडली बोटं. दहाही! तिनं एक तार ठोकली आणि हात झटकला. मी पाठ फिरवली, हसू दिसेल म्हणून.

२४ फेब्रुवारी

सालं निघतायत. चमच्यानं जेवते. मावशी परत आली ती तिच्यावरच ओरडली — ‘गो, तेल लावूंक काय झाला? अक्कल वास्कोक ठेवन इलंस?’ सिद्धी म्हणाली, ‘विसरले.’

माझं नाव घेतलं नाही. का?

घेतलं नाही तर नाही.

२ मार्च, रविवार

बसलो! दोनदा चुकलो, तरी शेवटपर्यंत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत! सिद्धी दारात उभी राहून ऐकत होती, हात ओढणीत गुंडाळून. टाळी वाजवता येईना, म्हणून पाय आपटला तिनं.

कायतानबाब एवढंच म्हणाले, ‘बस.’

३ मार्च

आश्व्याला जाताना बसमध्ये कायतानबाब बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं.

सिद्धीला खुर्ची नकोच होती. जानेवारीतच तिनं सांगितलं होतं — ती जहाजावर चाललीय, केबिनं साफ करायच्या कामाला. ओळखीची चिठ्ठी त्यांनीच दिली होती. ‘तीच म्हणाली, धाकूक सांगू नकात. कोणाशी तरी भांडाचा म्हटल्यार तो टिकतलो, नाय तर आठ दिसांत सोडतलो.’

म्हणजे रोज यायची, वाजवायची, हसायची — ते मला चिडवायला!

खिडकीतून बघत बसलो. मांद्र्याला एक बैल रस्त्यात आडवा. सगळे हॉर्न मारत होते, तो ढिम्म. बराच वेळ त्याच्याकडेच बघत होतो.

बरी होतील बोटं. नवी कातडी येतेच.

६ मार्च

सिद्धी मुंबईहून आली. व्हिसाला दहा बोटांचे ठसे लागतात. मशीनला एकही सापडला नाही. बोटं पुसून पुसून ठेवून बघितली म्हणे. दुसरी तारीख एप्रिलची, जहाज पंधरवड्यात सुटणार.

मला म्हणाली, ‘तुझी बरी आहेत ना रे बोटं? मग झालं.’

मावशी तिच्या हातांना लावायला खोबरेल शोधत होती. आत्ता दारात येऊन उभी राहिलीय, हातात बाटली. ‘धाकल्या, ही तुझ्या स्टिकच्या पिशयेत कशी रे?’