सुधारलेला फोटो

निपाणी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का हिस,
सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

पत्र बघून चकित होशील. फोनवर बोलायचं तर घरात सगळ्यांचे कान टवकारतात, म्हणून लिहितोय. उत्तर स्टुडिओच्या पत्त्यावर टाक, घरच्या नको.

काम छोटंच आहे. दुकानातला फोटो कापायचा दांड्याचा कटर बोथट झालाय. दांडा खाली आणला की प्रिंट सरकतो, कड तिरकी येते, गिऱ्हाईक लई बोलतंय. बेळगावात चांगला कुठला मिळतो बघ. बारा इंची प्रिंट बसला पाहिजे. महिनाअखेरीस माझ्या निशाला बघायला सदलग्याचे पाहुणे येणार आहेत. त्याआधी आईचा गच्चीवरचा फोटो सुधारून, मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. आई म्हणायची, वस्तू पारखावी तर आक्कानंच.

तुझा,
वृषभ

बेळगाव,
८ फेब्रुवारी २०२५

चि. वृषभ यास,
अनेक आशीर्वाद.

मारुतीरावांशी लग्न केल्यापासून सहा वर्षं तुझ्या अक्षराचं दर्शन दुर्लभ होतं. ते यत्किंचितही सुधारलेलं नाही हे पाहून बरं वाटलं.

तुझा 'सुधारून' वाचला आणि आई आठवली. तोंडातसुद्धा हिंसा नको म्हणून ती भाजी कधी 'कापत' नसे, 'सुधारत' असे. लग्नानंतर इथं पहिल्याच दिवशी मी दोडका सुधारते म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, का गं, बिघडलाय व्हय? तू मात्र फोटो खरोखरच सुधारणार. माझ्या पदरापाशी ओलीचा डाग पडला आहे, तोच ना? तिथं जपून.

गणपत गल्लीतली दुकानं पालथी घातली. जन्मभर संस्कृतच्या तासाला पोरांना 'छिद्' धातू चालवून दाखवला, प्रत्यक्ष छेदनाला आता उभी राहिले. दुकानदारानं आधी दांड्याचाच पुढे केला. मी कागद लावून पाहिला. तो तुझ्याकडच्यासारखाच सरकला. मग रुळावर फिरणाऱ्या गोल पात्याचा काढायला लावला. यात थप्पी चालत नाही, एकेक प्रिंटच. पण एक पारदर्शक पट्टी प्रिंट दाबून धरते, त्यामुळे पातं नेमकं कुठून चाललंय हे कापणाऱ्याला दिसतं. हा गुण मला फार भावला. आणि कड अशी येते की पलीकडे काही होतं असं वाटतच नाही. तोच घेतला, निपाणीच्या बसनं पाठवते आहे.

पाहुण्यांपुढं मी कुठली साडी नेसू ते निशाला विचार. मारुतीराव म्हणतात, मी तुला स्टँडवर सोडतो आणि तिथंच चहा पीत बसतो. सहा वर्षांनी उंबऱ्याच्या आत येणार, म्हणून मीच जरा घाबरले आहे.

तुझी,
आक्का

निपाणी,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

कटर झकास निघाला. पहिल्या फटक्यात सरळ. तुझी पारख ती पारखच.

आईचा फोटो सुधारला. पाहुणे जुन्या वळणाचे आहेत गं. तुझ्या जातीबाहेरच्या लग्नाचं त्यांना सांगितलेलं न्हाय. फोटोत तू दिसलीस की ही कोण, कुठं दिली, हे निघणारच. पोरीचं जमत आलंय. म्हणून तुझ्याकडची तेवढी कड काढली. तू पण सध्या येऊ नगंस. पुढं बघू.

निघालेली पट्टी टाकाया जीव होईना. सोबत ठेवलीय. रागवू नगंस.

तुझा,
वृषभ

बेळगाव,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. वृषभ यास,
आशीर्वाद.

पट्टी पोचली. कड उत्तम आली आहे. ओलीचा डागही माझ्याच वाट्याला आला, म्हणजे फोटो दोन्ही अर्थांनी सुधारला म्हणायचा. आईच्या शब्दाचा असा उपयोग होईल हे तिला माहीत असतं, तर ती बिचारी सरळ 'काप' म्हणाली असती.

पातं बोथट होतं, प्रिंट सरकला, असं तुला म्हणता आलं असतं. ती सोय मीच हौसेनं काढून घेतली. कटरची पट्टी पारदर्शक होती रे. पातं कुठून चाललंय ते तुला दिसत होतं.

मारुतीरावांना पाहुण्यांचा बेत पुढं गेला असं सांगितलं. त्यांनी बसमध्ये खायला आणलेले शेंगदाणे डब्यात ओतून ठेवले. निशाला माझे आशीर्वाद सांग. कुणाचे ते सांगायची अडचण असेल तर नुसतेच दे.

एक मात्र तुझ्या नजरेतून निसटलं. सरळ कापणाऱ्या कटरला वळण घेता येत नाही. माझ्या पट्टीत मी मनगटापर्यंतच आहे. पुढचा हात तुझ्या हॉलमध्ये, आईच्या खांद्यावर राहिला. व्याकरणात लोप झालेला प्रत्यय दिसत नाही, तरी त्याचं कार्य मागं उरतं, हे शाळेत तुला कधी पटलं नव्हतं. आता भिंतीवर बघ.

पाहुण्यांनी विचारलंच, हा हात कुणाचा, तर काय सांगायचं ते तूच ठरव. उत्तर निवडून द्यायला या खेपेला मी येणार नाही.

लोभ वाढावा असं लिहायची रीत आहे. पण कड काढून झाल्यावर वाढायला जागा कुठं उरते? आहे तेवढा राहू दे.

तुझी,
आक्का

ता. क. हात उजवा आहे. हे पत्र ज्यानं लिहिलं, तोच.