केर्न्सपर्यंतचं तिकीट

लोगन, ब्रिस्बेन
१४ ऑगस्ट, गुरुवार

चिरंजीव सुभाशनी हिला आईचा राम राम आणि आशीर्वाद.

आम्ही सगळे इथं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. अक्षर तुझ्या भावजयीचं आहे, प्रनीताचं. मी बोलते, ती लिहिते. तिला आधीच बजावलंय की मी म्हणेन तेच लिहायचं, मध्ये स्वतःची हुशारी घालायची नाही. ती म्हणते, "आई, तुमच्या बोलण्यात मला घुसायला फट तरी असते का?" चांगली आहे पोरगी. डाळ पातळ करते, पण चांगली आहे.

मी जुलैत आले. विमलेशने तीन महिन्यांचा व्हिसा काढून दिला. विमानतळावरच्या बाईने माझी पिशवी उपसली, आंब्याचं लोणचं काढून घेतलं, चिंचेची चटणी काढून घेतली. दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा होता, तो उघडून आत बघितलं आणि परत दिला. डब्यात काय होतं ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. मला रेल्वेने तुझ्याकडे यायचंय.

विमलेश म्हणतो, "आई, विमानाने दोन-अडीच तास लागतात. रेल्वेला पुरता एक दिवस. कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस?" मी म्हटलं, माझी हाडं माझ्याजवळच राहतील, तू तिकिटाचं बघ. त्याला सुट्टी नव्हती म्हणून मंगळवारी मी आणि प्रनीता स्टेशनावर गेलो. तिकीट म्हणजे पैसे द्यायचे आणि बसायचं, एवढंच मला ठाऊक. आपल्या फिजीत, लंबासात, बसला हात केला की ती थांबते, ड्रायव्हरला मासे घ्यायचे असले तरी थांबते. इथं मात्र लग्न जुळवायला बसल्यासारख्या चौकशा.

खिडकीवरचा मुलगा दाढीवाला, गोड होता. पहिलं विचारलं, पासपोर्ट. मी दिला. मग वय. मी म्हटलं, पासपोर्टात लिहिलंय ते खरं नाही, पण तेच धर. मग प्रनीता म्हणाली की म्हाताऱ्या माणसांना सवलत असते ना? तर म्हणे ती इथल्या म्हाताऱ्यांना, बाहेरच्यांना नाही. मी प्रनीताला म्हटलं, विचार त्याला, इथल्यांचे गुडघे जास्त दुखतात का? तिने विचारलं नाही, नुसती लाल झाली.

मग खुर्ची हवी की पलंग? म्हणजे रात्री माणूस येऊन खुर्चीचाच पलंग करून देतो. कोण माणूस? माझ्या खुर्चीपाशी रात्री कोण येणार? त्यावर प्रनीता त्याच्याशी इतका वेळ बोलली की मागे रांग लागली. जेवणात काय चालतं, काय नाही? सामान किती? गाडीत काही झालं तर कोणाला कळवायचं? आठवड्यातून पाच दिवस जाते, कुठल्या दिवशी जाणार? माझं डोकं भणाणलं. कुठल्या प्रश्नाला हो म्हटलं आणि कुठल्याला नाही, ते आता आठवतही नाही. मांस-मच्छीला बहुतेक दोन्ही म्हटलं.

तेवढ्यात मला वाटलं, आपणही एक शहाणपणाचा प्रश्न विचारावा. मी म्हटलं, "तुमच्याकडे गळीत हंगाम कधीपर्यंत चालतो?"

तो प्रनीताकडे बघायला लागला, प्रनीता माझ्याकडे.

अगं, मला काय माहीत? तुझ्या बापाने तीस वर्षं साखर कारखान्याचं इंजिन चालवलं. जूनमध्ये ऊस तोडायला आला की गाडी सुरू, डिसेंबरात गळीत संपलं की इंजिन शेडमध्ये. रुळांवर गवत वाढायचं, आपल्या शेळ्या तिथंच चरायच्या. मी जन्मात दुसरी रेल्वे पाहिलेली नाही. तुझं गावही उसाचं, तुझ्याकडे येणारी गाडीही उसातून जाते, म्हणून मी हिशेब धरलेला की ती गळितातच चालणार. तुझा बाप जाऊन सहा वर्षं झाली. दर वर्षी विमलेश फोन करायचा, आई ये, आणि मी म्हणायचे, गळीत सुरू होऊ दे, मग येते. गळीत सुरू झालं की म्हणायचे, आता ऊसतोडीच्या टोळीची भाकरी कोण थापेल, संपू दे.

तो मुलगा म्हणाला, "आजी, ही गाडी बाराही महिने धावते."

बाराही महिने. म्हणजे मी तिकडे शेळ्या मोजत बसले होते तेव्हाही ती इकडे जात होती.

मी खिडकीच्या कडेला टेकले. प्रनीताला वाटलं मला चक्कर आली, तिने पाणी आणलं.

डब्यात तुझं पत्र होतं. तू इथं आल्यावर पाठवलेलं, अठरा वर्षांपूर्वीचं. दुकानदाराने माझ्या हातात दिलं आणि मी ते पोलक्यात घालून घरी आणलं. तुझ्या बापाला वाचता यायचं, पण त्याने फाडलं असतं. मास्तरीणबाईंना वाचता यायचं, पण मग अख्ख्या वस्तीने ऐकलं असतं. म्हणून डब्यात ठेवलं. अधूनमधून काढून बघायचे. तुझी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. मी समजून चालले होते की त्यात शिव्या असतील. न वाचलेल्या पत्राचं एक बरं असतं, आपल्याला हवं ते त्यात असतं.

गेल्या आठवड्यात प्रनीताने वाचून दाखवलं. शिव्या नव्हत्या. तू लिहिलं होतंस, आई, विमलेशकडे आलीस की तिथून रेल्वेने ये. डावीकडे बस, डोंगर दिसतील, आपल्या लंबासासारखे. ऊस दोन्हीकडे दिसेल. इनिसफेलला उतर, मी फलाटावर उभी असेन.

मी प्रनीताला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तीच रडायला लागली, मग मी म्हटलं पुरे, भात लाव.

विमलेशकडे तुझा पत्ता होता, फोनही होता. सगळ्या घराला माहीत, मला सोडून. तो म्हणतो फोन कर. फोनवर मी नुसतं हवापाणी बोलेन, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. प्रनीता, आता जे सांगते ते जसंच्या तसं लिही, आणि तोंड असं करू नकोस.

सुभा, तू आणि तुझा नवरा आपिसाई बाळाला घेऊन आला होतात, ती दुपार. तू फाटकाशी उभी राहून हाक मारलीस. दोनदा. बाळ रडत होतं. दार उघडलं नाही, आणि तुम्ही गेलात. तू समजलीस की बापाने उघडू दिलं नाही. विमलेशही तेच समजतो. सगळेच समजतात, आणि मी समजू दिलं. तुझा बाप मेल्यावरही समजू दिलं.

तुझा बाप त्या दिवशी घरी नव्हता. गळीत जोरात होतं, तो दुसऱ्या पाळीला इंजिनावर होता. घरात मी एकटी होते. आतून कडी मी लावली होती, आणि कडीवर हात ठेवून मीच उभी होते.

का, ते विचारशील. मला नीट सांगता येत नाही. समोरची चंद्रमुखी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती बघत होती. तिच्यासमोर आपिसाईला, आपल्यातल्या नसलेल्या फिजीयन जावयाला, घरात कसं घ्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. एवढंच होतं गं. चंद्रमुखी पुढच्या वर्षी सुवा शहरात राहायला गेली, मला सांगूनही गेली नाही.

आपिसाईने फाटकाच्या खांबाला अळूच्या कांद्यांची जुडी टांगून ठेवली होती. तुम्ही वळणावर गेलात तशी मी ती आत आणली. संध्याकाळी नारळाच्या दुधात शिजवली. रात्री पाळीवरून आल्यावर तुझ्या बापाने विचारलं, कुठून आले? मी म्हटलं, शेजारून. त्याने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, असे कांदे बऱ्याच दिवसांत खाल्ले नव्हते. हे आपिसाईला सांग. हसला तर बरं.

तर तिकिटाचं. तो मुलगा सारखा एकच विचारत होता, परत कधी? जातानाचं आणि येतानाचं एकत्र काढलं तर सोपं जाईल. प्रनीता म्हणाली, "आई, सांगा ना, किती दिवस राहणार?" आता हे मी कसं सांगू? ते माझ्या हातात आहे का? मी म्हटलं, परतीचं राहू दे. मग विचारलं, "गाडीचं दार आतून उघडतं ना?" तो म्हणाला की स्टेशन आलं की गार्डच उघडतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. मला ते फारसं आवडलं नाही.

आणि तिकीट मी इनिसफेलचं काढलेलं नाही, पुढच्या केर्न्सचं काढलंय, जिथं गाडी संपते. प्रनीता भडकली, आपल्याला जायचं तिथलं काढा ना. पण मी ऐकलं नाही. मंगळवारी २६ तारखेला दुपारी गाडी इथून निघते, बुधवारी दुपारी इनिसफेलला येते. थोडाच वेळ थांबते म्हणे. मी डावीकडच्या खिडकीत आहे, हिरवी ओढणी घेईन. तू फलाटावर दिसलीस तर उतरेन. नाही दिसलीस तर तशीच बसून केर्न्सला जाईन, विमलेश तिथून विमानाने परत आणेल, त्याची हौसही फिटेल. मला राग येणार नाही. तू हाक मारलीस तेव्हा मी ज्या बाजूला होते, त्या बाजूला आता तू आहेस, एवढंच होईल.

फलाट खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आला तर काय, हे मात्र त्या मुलाला विचारायचं राहिलं. काल दिवसभर तोच घोर होता. मग ठरवलं, गाव जवळ आलं की उठून दाराशीच उभी राहीन. गार्डच्या आधी.

त्या बाळाचं नाव विमलेश सांगत होता, मी कान झाकले. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

खाली सही म्हणून अंगठा उमटवलाय, शाई प्रनीताच्या पेनातली. जरा फिसकटलाय. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे तोच अंगठा. आणि कडीवर होता तो हात.

तुझी आई,
फुलमती