आचलच्या डोक्यावरचं गरम पाणी

६ जानेवारी २०२५, सोमवार
आज आचल आली. भातकुलीची, अकरा वर्षांची. डोक्यावरून गरम पाणी घेतलं की झटका येतो — एरवी काहीच नाही! चौदा वर्षं अमरावतीत लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून ईईजी काढतेय, असं काही पाहिलं नव्हतं. आमच्या डॉक्टर कुंदा मॅडमचं संशोधन यावरच आहे. म्हणाल्या, “मेंदूत हे नेमकं कुठून सुरू होतं, ते पकडायचंय संध्या.”

सोबत आजी, पार्वताबाई. म्हणाल्या, “मंगळवारी न्हाऊ घातलं का देवी येते तिच्या अंगात. म्हनून दर मंगळवारी घालतो.” म्हणजे जे टाळायचं तेच, तेही भक्तीनं! दोन वर्षं! पोर शाळेत जात नाही. मुलं तिच्या शेजारी बसायला घाबरतात. मला इतका राग आला, पण कुणावर काढणार? आजीचा जीव आहे तिच्यावर.

७ जानेवारी, मंगळवार
न्हाणीच्या दारावर नवऱ्याची, नितेशची थाप. “संध्या, झोपली का वं आत?” रोजचंच त्याचं! थंडीत माणसानं गरम पाण्यानं सुखानं आंघोळही करू नये.

९ जानेवारी, गुरुवार
सापडलं!!

आचलच्या आईची संमतीची सही झाली होती, झटका थांबवायचं इंजेक्शन तयार, मॅडम शेजारी. तारा पक्क्या बसवल्या आणि खुर्चीत बसवून मी तिच्या डोक्यावर गरम पाण्याचे तांबे ओतायला लागले. आचल म्हणाली, “मले भेव नाही लागत ताई.” चौथ्या तांब्याला स्क्रीनवर डाव्या कानाच्या वरची एकच रेघ थरथरली. मग शेजारची. भजनात एकानं टाळी धरली की सगळे धरतात, अगदी तसं! पोरीचे डोळे उघडे, पण ती तिथे नव्हती. हात मात्र तांब्या मागत होता. चाळीस सेकंद. इवल्याशा कोपऱ्यातून निघालेली लाट, आणि अख्खं माणूस घेऊन जाते!

मॅडमनी आजीला स्क्रीन दाखवली. पार्वताबाई स्क्रीनजवळ सरकल्या. “हे एवढं सारं हिच्याच डोक्यात होते?” मग स्क्रीनलाच हात जोडले. मॅडमनी सांगितलं, कोमट पाणी आणि न्हायच्या आधी एक गोळी, एवढंच करायचं. “मंग शाळेत जाईन?” आचलनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून जा.

१० जानेवारी, शुक्रवार
फॉर्मसाठी आचलला विचारलं, काय होतं गं तेव्हा? “पह्यले कानामांगं गरम गरम. मंग लय गोड वाटते. अजून पानी घ्याव वाटते. मंग बादली रिकामी कवा झाली, समजतच नाही.”

लिहिता लिहिता हात थांबला. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं.

११ जानेवारी, शनिवार
अकोल्याला आईला फोन केला. लहानपणी मी आंघोळीला कशी होते? आई हसायलाच लागली. “तू? न्हानीतून निघतच नव्हती! टक लावून बसे, हाक मारली तं ओ नाही. तांब्या तेवढा चालू. तुये बाबा म्हनत, लेक सुखी हाय.”

नितेशला अजून सांगितलं नाही. भीती वाटते. खूप.

१३ जानेवारी, सोमवार
स्कूटी घरीच ठेवली, रिक्षानं गेले. आचल आज शाळेत, खुर्चीत मी. माझ्यासोबत ईईजी काढणाऱ्या श्यामनं तारा लावल्या. तांब्या माझ्याच हातात दिला होता.

मला पाच तांबे आठवतात. श्याम म्हणतो, नऊ झाले.