तुमच्या कबरीवरचे गोटे

प्रिय रिबकाबाई,

काल शनिवार होता, म्हणून थांबले. शनिवार तुमचा शब्बाथ, त्या दिवशी तुम्ही आलेलं पाकीटसुद्धा फोडायच्या नाहीत. आज रविवार आहे, आता वाचा. वाचून रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

तुमच्या कबरीवर कुणीतरी ठेवलेले गोटे मी आठ महिने वेचून नाल्यात फेकत होते. हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते.

पण आधी माझी बाजू ऐका. जाण्याआधी तुम्ही तुमच्या कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिलीत. सासू, सासरे, तुमचे साहेब, तान्हेपणी गेलेला तुमचा बाळ, आणि आता तुमची स्वतःची, अशा पाच कबरी. दीर कधीच इस्रायलला गेले, नणंद ठाण्याला. कारंज्यात बेने इस्रायल ज्यू राहत होते याची एवढीच खूण उरेल, ती सांभाळ, असं तुम्ही म्हणालात. मी तहसील कचेरीत तीस वर्षं जमिनींचे कागद हाताळले. माझ्याइतकी संशयी बाई गावात दुसरी नाही, हे ओळखूनच तुम्ही किल्ली दिलीत ना?

मग गेल्या वर्षी एक मुंबईचा माणूस आला. चाळिशीचा, चष्मेवाला, पाठीवर पिशवी. विदर्भात तुमच्या लोकांच्या कबरी कुठे कुठे आहेत त्याची नोंद करतोय म्हणाला. मी फाटक उघडलं आणि त्याच्या मागे उभी राहिले. त्याने फोटो काढले, दगडावरची अक्षरं उतरवून घेतली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही जागा कुणाच्या नावावर आहे?"

तुम्हीच सांगा, कबरी बघायला आलेल्या माणसाला सातबारा कशाला हवा?

मग तो खाली वाकला, एक गोटा उचलला आणि तुमच्या कबरीवर ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत! जागा बळकावणारे कसे येतात ते मी जन्मभर पाहिलंय. आधी एक दगड येतो. मग त्याच्या रेषेत दुसरा, मग चुना, मग तारेचं कुंपण, आणि एका सकाळी कुणीतरी हसत हसत कागद दाखवतो. तो जाताच मी गोटा भिरकावला. तुमच्या आईच्या हातची कीर्तनांची वही आहे का, असंही त्याने विचारलं होतं. मी नाही म्हणाले. तुम्ही दिलेली ती वही माझ्याच कपाटात आहे, साड्यांखाली. खोटं बोलले, आणि तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात झाडायला गेले तर आणखी एक गोटा. नंतर दोन. सगळे गुळगुळीत, काळसर, एका ओळीत मांडलेले. फाटकाला कुलूप तसंच. म्हणजे मागच्या पडक्या भिंतीवरून कुणीतरी येत होतं! त्याने गावात माणूस पेरलाय याबद्दल मला शंकाच राहिली नाही. मी त्याला फोन लावला आणि कॉन्व्हेंटात शिकलेल्या थंड आवाजात सांगितलं की हद्दीचे दगड मांडणाऱ्यांना आम्ही ओळखतो. तो म्हणाला, "बाई, आमच्यात कबरीवर दगड ठेवणं हा मान असतो."

मी म्हटलं, मान कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. आणि फोन ठेवला.

कारण तुमच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे, अशी माझी ठाम समजूत! अमरावतीला नन्सनी आम्हाला मोशे आणि तांबडा समुद्र तोंडपाठ करून घेतला होता. त्यात तुमच्या शेजारात पंचवीस वर्षं काढलेली. तुमच्याकडे मटणाच्या दिवशी दही का नसतं, दाराच्या चौकटीवरची ती तिरपी डबी कसली, तिच्यात कुठलं धर्मवचन असतं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला तुमच्याआधी मीच सांगायची. तुमच्या त्या संदेष्ट्याच्या, एलियाहू हन्नबीच्या नावाचा मलिदा तुम्ही करायच्या, त्यातल्या भिजवलेल्या पोह्यांत खोबरं किती घालायचं यावर मी तुमच्याशी वाद घातलाय. तुम्ही हसून घालू द्यायच्या. ते हसणं कशाचं होतं ते आता कळतंय.

गेल्या गुरुवारी मी दबा धरून बसायचं ठरवलं. कडुनिंबाच्या आड स्टूल टाकून बसले, हातात खराटा. अकराच्या सुमाराला भिंतीवरून एक बाई उतरली. डोक्यावर पदर, काखेत बाजाराची थैली. थैलीतून गोटा काढला, पदराला पुसला आणि तुमच्या उशाशी ठेवला. मी पुढे झाले आणि कुणी पाठवलं म्हणून विचारलं.

ती घाबरली नाही. माझ्या खराट्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे तुमीच फेकून राह्यल्या का? मले वाटे पोट्टे फेकते."

इंझोरीची कमल. आठवते ना? तुम्ही दवाखान्यात सिस्टर होतात तेव्हा तिची तिन्ही बाळंतपणं केलीत. धाकटीच्या वेळी गाडी मिळेना, तेव्हा कंदील घेऊन तिच्या घरी गेला होतात म्हणे. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही.

गोटे कशाला ठेवतेस, मी विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर त्यायच्या साहेबाच्या कबरीवर ठेवत ना. मी पान्याचा डबा घेऊन राहो संगं. एकडाव इचारलं, काहून ठेवता? त म्हने, आपन येऊन गेलो, हे त्यायले समजलं पाह्यजे. म्हून मी आनतो, आमच्या नाल्यातले." आणि मलाच विचारलं, "तुमाले नाई सांगतलं त्यायनं?"

नाही सांगितलं. कसं सांगणार? मी तुमच्यासोबत आले तरी फाटकापर्यंतच यायची आणि बाहेर थांबायची. आमच्याकडे बायका तिकडे जात नाहीत, हे मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं. आणि तुम्ही मला आत बोलावलं नाही. बोलावायचं होतंत हो एकदा तरी! मी तोंडाने फटकळ आहे, पण तुम्ही हात धरला असता तर आले असते. एवढं सगळं सांगायच्या, मग हेच नेमकं का राखून ठेवलंत?

आठ महिने कमल बाजाराच्या दिवशी एसटीने येऊन तुम्हाला भेटून जात होती, आणि ती आल्याची खूण मी झाडून टाकत होते. तुम्ही मला राखण करायला सांगितलंत. मी राखण केली ती अशी.

कमलने मला शिव्या दिल्या नाहीत. नाल्यात उतरून दोन गोटे शोधून आणले तेवढे. बाकीचे सापडले नाहीत म्हणून हळहळली.

त्या मुंबईवाल्याला शुक्रवारी दोनदा फोन केला. त्याने कापला. त्याच्या जागी मी असते तर मीही कापला असता. आता मला त्याचं म्हणणं कळतंय. जागा कुणाच्या नावावर आहे हे त्याने विचारलं, कारण ती कुणाच्याच नावावर नसेल तर उद्या कुणीही घेईल. हा प्रश्न तीस वर्षं नोकरी केलेल्या मला सुचायला हवा होता, आणि मी किल्ली कमरेला लावून हिंडत राहिले. अर्थात वही मी त्याला नेऊ देणार नाहीच. माझ्या समोर बसून त्याने फोटो काढावेत, चहा मी देईन. विश्वास ठेवायचा म्हणजे डोळ्यांवर झापडं बांधायची असं थोडंच आहे?

रिबकाबाई, मी शब्द देते. उद्या तहसीलला अर्ज देईन, पाचही नावांनिशी, आणि नोंद होईपर्यंत तिथल्या कारकून पोरांच्या टेबलासमोरून हलणार नाही. कमलला बसवून ती तुमच्याबद्दल सांगेल ते तिच्या शब्दांत उतरवून घेईन, मध्ये न बोलता. आणि त्या माणसाला रोज फोन करेन, तो उचलेपर्यंत. उचलला की पहिलं वाक्य 'माझं चुकलं' हेच असेल. त्याची सवय नाही मला, म्हणून सकाळपासून मोठ्याने म्हणून बघतेय.

तुमची शेजारीण,
सुलभा