बाबूभाईंना काढण्याची कारणं

४ एप्रिल १९९८, चंद्रपूर
माझ्या ‘वीर वनराज’ कॉमिकचे निम्मे अंक पुन्हा परत. केबलमुळे सगळीच कॉमिक्स संकटात आहेत म्हणे. माझं संकट वेगळं आहे : वितरक. जंगलात राहणारा वीर वनराज आणि त्याचा सोबती वाघ, यांची कथा, चित्रं, संपादन मी एकटाच करतो, त्यामुळे तिथे दोष असणं शक्यच नाही.

६ एप्रिल
प्रेसवाल्या इंदुताई म्हणाल्या, “जूनचा अंक खपला नाई तर वनराज बंद. मी लग्नपत्रिका छापीन.” बाईंना साहित्यातलं काही कळत नाही. पण धसका बसला. वनराज बंद झाला तर मी कोण?

११ एप्रिल, आरमोरी
आमचे वितरक बाबूभाई बारा वर्षं एसटीने बाजारोबाजारी आमचे अंक विकतात. आज गुपचूप मागावर गेलो. गृहस्थ चादर अंथरून, पोरं जमवून, अंक उघडून तासभर गप्पा मारत होते! लांबून ऐकू आलं नाही. ऐकण्यासारखं काय असणार? उद्या काढतो.

१२ एप्रिल
काढायला बाबूभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शहजादीभाभींनी चहा-खारी दिली. खारी खाऊन कसं सांगणार? पत्राने कळवावं. व्यावसायिकही दिसतं.

२० एप्रिल
पत्र वाचून बाबूभाई स्वतःच आले. रागावले नाहीत, उलट म्हणाले, “ठीक हाय भाऊ. पन नव्या मान्साले एक बात सांगा लागते...” मी तिथेच थांबवलं. जुनाट सल्ले नकोत.

१ मे
नवे वितरक गुणवंतराव. साबण-अगरबत्तीची एजन्सी, दोन जीप, कमरेला पेजर! पोरांशी एक अक्षर बोलत नाहीत. गठ्ठा टाकला की पुढचं गाव. याला म्हणतात सिस्टिम.

९ जून
जूनचा अंक सगळ्या बाजारांत वेळेवर पोहोचला. तीन दिवसांनी तितक्याच वेळेवर परत आला. गुणवंतराव म्हणाले, साबण तरी लोक स्वतःहून उचलतात.
काही हरकत नाही. लेखकाच्या तोंडून ऐकलं की लोक तुटून पडतील. स्वतः जातो.

१२ जून, आरमोरी
चादर अंथरली. पोरं धावत आली. खणखणीत आवाजात वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर चुळबुळ, चौथ्या पानावर समोर कोणी नाही. एकही अंक गेला नाही. इंदुताईंना काय सांगू?
शेजारी भाजी विकणाऱ्या रुखमाबाईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, “भाऊ, तुमी पुस्तकातलं काऊन वाचून राह्यले? बाबूभाई पुस्तकातलं नाई सांगत. थे नुसते चित्रं दाखवत, अन् गोष्ट आपल्या मनची सांगत. मागच्या खेपेले वाघ वनराजले म्हने, तुले एक गोष्ट सांगतो, पन हसू नको. तेवढ्यात एसटी आली. काय सांगतलं जी वाघानं?”
बारा वर्षांत माझा वाघ एक शब्द बोललेला नाही. बाईंना म्हटलं, मला ठाऊक नाही. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, वाघ काय म्हणाला ते मलाही ऐकायचं होतं.