शिंगाचं मेंढरू

२१ मार्च २०१६, सोमवार. निलंगा.
रिटायर होऊन वर्ष होत आलं. आजपासून रोज लिहायचं. पहाटे फिरायला जायचं. दुपारची झोप बंद. रोज एक चित्र, काही झालं तरी.
संकल्प करायला आणि पंचशीला दारात यायला एकच गाठ पडली. ही आमच्याच शाळेची, माझ्या हाताखाली शिकलेली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत बी ग्रेड. आता अंगणवाडी चालवते. म्हणाली, सर, बाया सकाळपासून टँकरच्या लाइनीत उभ्या राहून राहिल्यात, लेकरं माझ्याकडंच ठेवतात. खिचडी खाऊन झाली की लेकरं रडतात. रंगवायला चित्रं काढून द्या, बसून तरी राहतील.
विचारलं, कशाची काढू? म्हणाली, युनिकॉर्नची. यशोधरा नावाची चार वर्षांची पोरगी आहे, तिच्या दप्तरावर तो आहे. आता सगळ्यांना तोच पाहिजे.
मी म्हणालो, घोड्याला शिंग नसतं. ती म्हणाली, ह्याला असतंय सर.
मोबाइलवर बघितलं. म्हणजे आपला एकशृंग अश्व. सोपा आहे. म्हणालो, एखादं पान काय मागतेस, अख्खं पुस्तक देतो उन्हाळा संपायच्या आत. निलंगा तालुक्यात रेवणप्पा सरांसारखी रेघ दुसऱ्या कोणाची नाही, हे लोक अजून बोलतात.

२३ मार्च
पहिला युनिकॉर्न काढला. पाठीची रेघ हलली. टेबलाचा एक पाय आखूड आहे. पुठ्ठा घातला.

२४ मार्च, धुळवड
गल्लीत कोरडीच. पोरांनी एकमेकांना नुसती पावडर फासली आणि अंग न धुताच घरी गेली.
पुठ्ठा घालूनही रेघ हलली. पेन खराब आहे.

२६ मार्च
नवा पेन आणला. त्याची शाई अडकते. या उन्हात माणसं वाळून राहिली, शाईचं काय घेऊन बसलात. दुकानदाराला तसं सांगितलं. त्याने कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढून दाखवल्या. नीट आल्या. दुकानात पंखा आहे, म्हणून.

३० मार्च
शरणम्मा आजकाल मला चहा अर्धाच देते. तोही कपबशीत नाही, स्टीलच्या जड ग्लासात. पाणी वाचवायचं म्हणून असणार. समजूतदार बाई. स्वतःचा कप मात्र काठोकाठ भरते. का, ते विचारायचं राहिलं.
शर्टाची बटणंही तीच लावते. हल्ली काजं फार बारीक शिवतात.

२ एप्रिल, शनिवार
पाच-सात चित्रं झाली होती ती दिली. पंचशीलाने झेरॉक्स काढून लेकरांना वाटली. मी मुद्दाम बघायला गेलो. मदतनीस भामाबाईने खुर्ची टाकली. सन्मान अजून आहे.
लेकरं जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. एकाने पान वर धरलं आणि ओरडलं, शिंगाचं मेंढरू! मी म्हणालो, मेंढरू नव्हे, अश्व. तो म्हणाला, मग अंगावर लोकर कशी हाय? रेघेवर बोट फिरवून दाखवलं. वळवळीत रेघ त्याला लोकर वाटली. त्यानंतर सगळीच मेंढरू मेंढरू करायला लागली. लहान मुलांची निरीक्षणशक्ती कमी असते.
दुसऱ्याने विचारलं, ह्याला चारा छावणीत ठिवलंय का? आमचा बैल छावणीत हाय. मी म्हणालो, हो. मग विचारलं, काय खातंय? म्हणालो, कडबा. एकशृंग अश्वाबद्दल जास्त माहिती मला नव्हती.
यशोधराने फक्त पोट रंगवलं होतं, निळं. बाकी घोडा पांढराच. विचारलं, हे काय? म्हणाली, त्यानं पाणी पिलंय. म्हणालो, बाकीचं पण रंगव की. म्हणाली, निळा संपला.
सगळ्यांचेच रंग रेघेच्या बाहेर गेलेले. मी थोडं शिस्तीवर बोललो. पंचशीला हळूच म्हणाली, सर, रेघ मधी मधी तुटलीय, लेकरांना कुठं थांबायचं कळत न्हाई. तिला समजावून सांगितलं की याला मुक्त रेषा म्हणतात. हाव सर, म्हणाली.

८ एप्रिल, पाडवा
नवीन वर्ष. नवीन संकल्प. जुने चालूच.
पेपरात पुन्हा नव्या जिल्ह्याची चर्चा. उदगीर होणार म्हणतात. आपण निलंगेकर तिकडं जाऊ की लातुरातच राहू, यावर चौकात भांडणं. माझं म्हणणं, कोणताही होवो, पाट्या कोणाला तरी लिहाव्या लागतील.
ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आजूबाजूच्या सगळ्या शाळांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' मी पुसलं आणि 'जि. लातूर' लिहिलं. सायकलच्या हँडलला रंगाचा डबा. दोरी नाही, पट्टी नाही, नुसत्या हाताने शिरोरेघ. एका गावात हेडमास्तरांनी पट्टी लावून तपासलं. केसभर फरक नव्हता. त्यांनी मला जेवू घातलं.
आज सराव म्हणून जुन्या पाटीवर 'जि. उदगीर' लिहून बघितलं. पाटी खडबडीत आहे.

१२ एप्रिल
लातूरला रेल्वेने पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. शरणम्मा म्हणाली, लातूरला जाऊ, एकदा डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, तिथल्या लोकांना रेल्वेने पाणी पाजून राहिलेत आणि आपण पाहुणे म्हणून आणखी दोन तोंडं न्यायची? माणसाला काही जबाबदारी असते. ती म्हणाली, एक बाटली घरून घेऊ. बायकांना मोठा विचार कळत नाही.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी पंचशीलाच्या वस्तीतलं कापडी बॅनर मी लिहितो, पैसे घेत नाही. यंदा फ्लेक्स लावलंय. मला कोणी बोलावलं नाही. फ्लेक्सने कलावंत मारले. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा पंचशीलाने वाकून नमस्कार केला. मी डाव्या हाताने आशीर्वाद दिला. उजवा खिशात होता.

१९ एप्रिल
चित्रं होत नाहीत. म्हणजे होतात, पण फाडतो. कागद हलका येतोय.

२३ एप्रिल, शनिवार
आनंदाची गोष्ट! अंगणवाडीत सहज डोकावलो. लेकरांपुढच्या पानांवर माझेच युनिकॉर्न, आणि रेघ कशी, तर सुरीने कापल्यासारखी. एकही तुटलेली नाही. न फाडलेली, मागच्या आठवड्यात दिलेली चित्रं. पंचशीलाला म्हणालो, बघ. ती खाली बघत म्हणाली, झेरॉक्सवाल्याकडं नवी मशीन आलीय सर. म्हणजे दोष झेरॉक्सचा होता! माझ्या रेघेत होतंच ते, जुन्या मशीनला पकडता येत नव्हतं.
तिच्या बोटांना काळी शाई लागली होती. मशीन नवीन असली तरी गळकी दिसते.
त्याच भरात जाहीर केलं: अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर मोठा युनिकॉर्न काढतो, माणसाएवढा, आणि सगळी लेकरं मिळून रंगवतील. पुढच्या शनिवारी. पंचशीला म्हणाली, सर, मी आधी खडूनं आखून ठिवू का? मी तिच्याकडं नुसतं बघितलं. ती सॉरी म्हणाली.

२८ एप्रिल
तयारी. ब्रश घासून ठेवले. काळा ऑइलपेंट. हाताला आराम म्हणून दोन दिवस काहीच काढलं नाही. शरणम्मा म्हणाली, नका जाऊ. कारण विचारलं तर तांदूळ निवडत राहिली.

३० एप्रिल, शनिवार
टँकर उशिरा येणार होता, म्हणून बायाही घागरी ठेवून भिंतीसमोर सावलीला उभ्या. लेकरं पुढं बसलेली. मी शिंगापासून सुरुवात केली.
ब्रश भिंतीला टेकला आणि हात ऐकेना. रेघ खाली यायच्या ऐवजी ठिपके पडत गेले. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हलायला लागले. रंग कोपरापर्यंत ओघळला. मागून एक लेकरू ओरडलं, मेंढरू! सगळी हसली. एक बाईही हसली, मग दुसरीने तिला गप केलं. ते गप करणं मला ऐकू आलं.
यशोधरा उठून आली. भिंतीकडं बघून म्हणाली, सर, त्याला थंडी वाजतीय का? मी म्हणालो, हो. ऊन असं की चप्पल चिकटत होती.
पंचशीलाने माझ्या हातातून ब्रश घेतला. म्हणाली, सर, ऊन लई हाय, तुम्ही बसा. आणि एका दमात तिने पाठ, मान, पाय, शेपूट ओढली. माझ्याच पद्धतीने, मनगट न मोडता खांद्यातून. शिकवलेलं वाया गेलं नाही, असं मी भामाबाईला म्हणालो.
भामाबाईने पाण्याचा ग्लास भरून दिला. पूर्ण भरून. मी दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मं पँटवर आणि मातीत गेलं. सकाळपासून त्याच पाण्यासाठी थांबलेल्या बाया समोर. मातीने ते लगेच पिऊन टाकलं.  बाया काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मे
ऊन बाधलं.

४ मे
काही नाही.

७ मे
शरणम्माने लातूरची वेळ घेतली. मला न विचारता. मी येणार नाही असं सांगितलं. बुधवारी सकाळची एसटी आहे.

११ मे, बुधवार. लातूर.
बसमध्ये शरणम्माने माझा हात पदराखाली धरून ठेवला होता. लोकांना वाटलं असेल, या वयात काय.
डॉक्टर पोरगाच आहे. मला चालायला लावलं, बोटं टिचकवायला लावली. मग कागद पुढं केला आणि म्हणाला, आजोबा, एक गोल काढा, आतून सुरू करून बाहेर नेत नेत. शंख असतो तसा. हे मी पाचवीला शिकवायचो. पहिल्या चाचणीला. मी त्याला म्हणालो, मी ड्रॉइंग टीचर होतो. तो म्हणाला, मग तर सोपंच आहे.
काढला. मध्येच वेटोळी एकमेकांत घुसली. शेवटी पेन कागदाबाहेर टेबलावर गेला.
मी म्हणालो, तुमचा पेन बरोबर नाही.  त्याच पेनने बाजूला डॉक्टरने एक शंख काढला. नुसता वर वर, बोलता बोलता. गोल, सुटा, स्वच्छ. चित्रकला न शिकलेल्या माणसाचा.
पेन तोच.
रोगाचं नाव इंग्रजी आहे. आपल्याकडं कंपवात म्हणतात. म्हणाला, गोळ्यांनी आराम पडेल. मी विचारलं, रेघ? म्हणाला, आजोबा, आराम पडेल. शरणम्माने विचारलं, कधीपासून असंल? म्हणाला, दोन-तीन वर्षं तरी. ती म्हणाली, हाव, तीन. म्हणजे तिने मोजलं होतं.
 येताना औसा गेल्यावर तिने चिवडा काढला आणि मला भरवला. बसमध्ये, सगळ्यांसमोर. मी खाल्ला.

१४ मे
डॉक्टर नवखा आहे. दुसरं मत घ्यायला पाहिजे. हैदराबादला चांगले असतात. गोळ्यांनी झोप येते. दुपारी झोपलो.

१८ मे
विचार केला. डावा हात अजून पुष्कळ बरा आहे. डाव्याने सराव करायचा. सहा महिन्यांत रेघ

२७ मे, शुक्रवार
मी शरणम्मा लिहिते. हे सांगून राहिले, मी लिहून राहिले. मला सातवीपर्यंत शाळा हाय. अक्षर वळणदार हाय म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज बघितलं त्यांनी.
आता हे सांगतात ते:
पुस्तक पूर्ण झालं. आज पंचशीला घेऊन आली. प्रत्येक पानावर युनिकॉर्न. एक झोपलेला, एक झाडाखाली, एक पिल्लाला चाटणारा. वरच्या पानावर 'चित्रे: रेवणप्पा सर' असं छापलंय. मी तिला विचारलं, यातली माझी कोणती? ती म्हणाली, समदी तुमचीच सर. मी एक एक पान बघितलं. रेघ उत्तम आहे. बी ग्रेड देणारा परीक्षक गाढव होता, असं लिही.
लिहिलं.
पंचशीला जाताना दारात रडली. ते लिहू नको म्हणाले. ह्यांचे बी डोळे भरले होते, ते तर अजिबात नको म्हणाले.
सोमवारपासून डाव्या हाताचा सराव, पहाटे फिरणं, दुपारची झोप बंद, असं लिही म्हणाले. लिहिलं.
मग म्हणाले, मागची पानं वाचू नको. मी म्हणलं, आधीच वाचायला बघितलं होतं. अक्षर लागत न्हाई. मुंग्या चालल्यागत दिसतंय, आणि पुढं पुढं तर मुंग्या बी न्हाईत.
त्यांनी वही घेतली. चष्मा लावून लई वेळ बघितलं. उजेडाला धरून बघितलं. पहिलं पान बघितलं, मधलं बघितलं. मग वही परत माझ्या मांडीवर ठिवली आणि म्हणाले, मला बी लागत न्हाई. तू पुढं लिही.
मी म्हणलं, काय लिहू?
वहीकडं बघत बसून हायत.